जेवल्यावर पोट फुगतं : हिंग्वाष्टक, लवणभास्कर की नुसता ओवा?

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही खानापूरचे. आईसाठी विचारतेय. वय ६१, बीपी आणि शुगर दोन्ही आहे, गोळ्या नेहमीच्या चालू आहेत. दिवाळी झाली त्यानंतर कधीतरी हा त्रास सुरू झाला. दुपारी जेवून तासभर होतो न होतो तोच पोट नगाऱ्यासारखं टम्म होतं. ढेकर येत नाही, वारा सरत नाही. बिचारी साडीची निरी सैल करून बाजेवर कुशीवर पडून राहते. संध्याकाळी पाचाला थोडं बरं वाटतं, की परत रात्रीच्या जेवणाची भीती. आता ती भीतीनेच अर्धी भाकरी खायला लागली आहे आणि ते मला बघवत नाही.

ओवा-मीठ दिलं, दोन दिवस बरं वाटलं, मग परत तेच. शेजारच्या काकू लवणभास्कर आणा म्हणतात, वहिनी हिंग्वाष्टक म्हणते. एका पाहुण्यांनी 'पोट साफ' करायची पावडर आणून दिली आहे, ती अजून उघडली नाही. यातलं नक्की काय द्यावं? कुणी वापरलं असेल तर अनुभव सांगा.

गणपत गल्ली
ओवा कच्चा देऊ नका. तव्यावर कोरडाच भाजा, वास सुटला की उतरवा. चिमूटभर सैंधव घालून चावून खायला सांगा, वरून कोमट पाणी. आमच्या घरात तीन पिढ्या हेच.

तिसरं रेल्वे गेट
ताई, आधी एक सांगा, आई पावट्याची आमटी खाऊलाल्यात काय? आता सीझनच हाय की ओ. आमच्यात जानेवारी लागला की पावटा, ओला हरभरा, हुलग्याचं माडगं, सगळं एकदमच सुरू होतंय आणि मग घरभर हिंगाचा वास. आमची आजी पावटा रात्रभर भिजवायची, ते पाणी ओतून टाकायची, दुसऱ्या पाण्यात शिजवायची आणि फोडणीत हिंग-जिरं जरा हात सोडूनच घालायची. आईनं एक दिवस तेच पाणी आमटीत वापरलंतं, तर रात्री सगळ्यांची पोटं गुरगुरलीती.

मलप्रभाकाठ
हो, पावटा आणि हरभऱ्याची भाजी दोन्ही चालू होतं. पण मागचा आठवडाभर सगळी कडधान्यं बंद केलीत. नुसता मऊ भात, मुगाचं वरण, दोडक्याची भाजी. तरी पोट फुगतंच. म्हणून तर इथे लिहिलं.

घटप्रभा
तिसरं गेट, आजींचं बरोबर होतं. कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा साखरा असतात. त्या फोडणारं पाचकद्रव्य माणसाच्या लहान आतड्यात नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्या आंबवतात आणि गॅस होतो. यातला काही भाग भिजवलेल्या पाण्यात उतरतो, म्हणून ते पाणी ओतून द्यायचं. पण ताई म्हणतात की कडधान्य बंद करूनही फरक नाही. तेव्हा कारण दुसरं असणार.

शहापूरची वैद्य
मी आयुर्वेदाची वैद्य. शिकले इथेच, शहापूरच्या कंकणवाडी आयुर्वेद महाविद्यालयात. (१९३३ पासून चालू आहे, नवीन लोकांना ठाऊक नसतं.) आईंना न बघता औषध सांगणार नाही, पण दोन चूर्णांतला फरक सांगते. सगळे ही दोन नावं एका दमात घेतात आणि तिथेच चूक होते.

हिंग्वाष्टकात आठ द्रव्यं : सुंठ, मिरे, पिंपळी, ओवा (ग्रंथात अजमोदा म्हटलंय, बरेच जण ओवा घालतात), सैंधव, जिरे, शहाजिरे आणि तुपात फुलवलेला हिंग. हे जेवणानंतर पाण्याबरोबर घेण्याचं औषध नाही. जेवणाच्या पहिल्या घासात, गरम भातावर, तुपात कालवून खायचं. वाताचं पोट, म्हणजे गुडगुडणारं, कळ मारणारं, वारा अडकलेलं, अशा पोटाला ते मानवतं. ज्यांना जळजळ, आंबट पाणी, तोंड येणं असे पित्ताचे त्रास आहेत त्यांना यानेच आग होईल.

लवणभास्करात नावाप्रमाणे मीठ मुख्य. समुद्री मीठ, पादेलोण, बिडलवण, सैंधव अशी चार प्रकारची मिठं, आणि सगळ्या घटकांत समुद्री मिठाचा भाग सर्वांत मोठा. तुम्ही आईंना बीपी आहे असं लिहिलंय. बीपीच्या माणसाला रोज दोन वेळा लवणभास्कर म्हणजे जेवणातलं मीठ कमी करून औषधातून परत घालण्यासारखं आहे. शेजारच्या काकूंना माझा नमस्कार सांगा, पण हे नको. हिंग्वाष्टकातही सैंधव आहे, कमी आहे, तरी बीपीच्या माणसाने तेसुद्धा महिनोन्महिने घेत राहू नये.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. पन्नाशीपुढच्या बाईचं पोट नव्याने फुगायला लागलं, आठवडे झाले तरी जात नाही, चार घासांत पोट भरतं, लघवीला वारंवार जावं लागतं, असं असेल तर चूर्णाच्या आधी सोनोग्राफी. अंडाशयाच्या कॅन्सरची सुरुवात अशीच 'गॅस' म्हणून दिसू शकते. दर वेळी तसं नसतं, बहुतेक वेळा नसतंच. पण एकदा बघून घ्यायचं. तसंच वजन उतरणं, शौचाला काळी किंवा रक्ताची होणं, गिळताना अडकणं, सारख्या उलट्या, रक्त कमी होणं, यातलं काहीही असेल तर थांबू नका. आई अर्ध्या भाकरीवर आल्यात म्हणता, वजन केलंय का?

अनगोळ नाका
वैद्यताई, छान लिहिलंत. मी सहा वर्षं हिंग्वाष्टक जेवणानंतर पाण्याबरोबर घेत होतो आणि 'काही उपयोग नाही' म्हणून नावं ठेवत होतो. आजपासून पहिल्या घासात.

निपाणीवाला
पोट फुगण्याचा विषय निघाला की मी हे सांगतोच, कारण सांगितलं नाही तर झोप लागणार नाही.

माझे थोरले काका. तंबाखूच्या वखारीत उभा जन्म गेला, धडधाकट माणूस. एका रात्री जेवण जड झालं, छातीच्या खाली, बेंबीच्या वर, मध्यभागी दाबल्यासारखं वाटायला लागलं. 'गॅस आहे' म्हणाले. काकूने हिंगाची गोळी दिली. मग सोडा दिला. मग मीठ-लिंबू. पाठीला तेल चोळलं. पहाटे तीनला बनियन भिजला होता घामाने, फेब्रुवारीच्या थंडीत. तेव्हा चुलतभावाच्या डोक्यात प्रकाश पडला. कोल्हापूरला नेलं, ईसीजीची पट्टी काढली, हार्ट अटॅक. अँजिओप्लास्टी झाली, वाचले. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळीच आणलं असतं तर हृदयाचा एवढा भाग गेला नसता.

काकू आजही म्हणते, मी त्यांना गोळ्या देत बसले. तिची काय चूक? घरात शंभर वेळा त्याच गोळीनं बरं वाटलंय. पण घाम, धाप, जबड्यात किंवा हातात कळ, आणि माणूस शुगरचा असेल तर यातलं काहीच नसताना नुसती अस्वस्थता, हे दिसलं की हिंग बाजूला आणि आधी पट्टी. शुगरच्या लोकांना अटॅकची कळ कमी जाणवते, म्हणून त्यांच्या बाबतीत जास्तच जपायचं.

मलप्रभाकाठ
वाचून अंगावर काटा आला. उद्याच पट्टी काढून घेते. वैद्यताई, वजन दोन किलोनं उतरलंय, पण खाणंच कमी झालंय. सोनोग्राफीचंही बघते.

काउंटरच्या पलीकडून
मी चिकोडीला औषध दुकानात बसतो. दोन गोष्टी.

पहिली, त्या पाहुण्यांच्या पावडरीबद्दल. डबा फिरवून मागचे घटक वाचा. 'पोट साफ' म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ चूर्णांत सनाय, म्हणजे सोनामुखी असते. ती जुलाब करवते. एखाद्या दिवशी ठीक, पण माझ्याकडे अशी गिऱ्हाइकं आहेत जी दहा-दहा वर्षं रोज रात्री चमचाभर घेतात आणि आता त्याशिवाय त्यांना शौचालाच होत नाही. सुटी पावडर असेल, कागदाच्या पुडीत, परवाना नंबर नाही, बॅच नाही, मुदत नाही, तर देऊच नका. आयुर्वेदिक औषधालाही हे सगळं छापावंच लागतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि एवढ्या प्रतिसादांत कुणीच विचारली नाही. आईंची शुगरची गोळी कोणती? दिवाळीच्या सुमारास ती बदलली किंवा वाढवली का? मेटफॉर्मिन असेल तर पोट फुगणं, गॅस, मळमळ, पातळ होणं हे त्या गोळीचे ठरलेले त्रास आहेत, विशेषतः नवीन सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर. माझ्या काउंटरवर महिन्याला दोन-तीन जण तरी शुगरची गोळी आणि गॅसची गोळी एकाच पिशवीत घेऊन जातात. मी विचारतो, तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळतं.

गोळी मनाने बंद करायची नाही, हे मोठ्या अक्षरात समजा. डॉक्टरांना विचारायचं. तीच गोळी हळूहळू विरघळणाऱ्या प्रकारात मिळते, ती पुष्कळांना सोसते.

सह्याद्रीपुत्र
शेवटी आलंच की. इंग्रजी गोळ्यांनी पोट बिघडवायचं आणि मग त्यावर आणखी गोळ्या. आयुर्वेदात साइड इफेक्ट नसतो. निसर्गाचं आहे ते. आईंना सगळं बंद करून त्रिफळा आणि पिंपळी सुरू करा, सहा महिने सलग घ्या.

शहापूरची वैद्य
सह्याद्रीपुत्र, तुमची आयुर्वेदावरची श्रद्धा मला कळते, मी त्यावरच पोट भरते. म्हणूनच हे खोडून काढणं मला भाग आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात पहिल्याच अध्यायात सांगितलंय की तीन द्रव्यं अति प्रमाणात, सतत वापरू नयेत : पिप्पली, क्षार आणि लवण. पिंपळीचं नाव त्यात पहिलं आहे. 'आयुर्वेदात अपाय नाही' हे आयुर्वेदच म्हणत नाही. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतलं तर बीपी वाढतो, पोटॅशियम उतरतं. त्रिफळ्यातल्या हिरड्याने कृश माणूस आणखी कृश होतो, म्हणून अशक्त माणसाला आणि गरोदर बाईला तो देताना आम्ही जपतो. आणि शुगरच्या ६१ वर्षांच्या बाईला 'सगळं बंद करा' असं कुणी सांगू नका. कृपा करा.

काउंटरवाले दादा, तुम्ही विचारलेला प्रश्न मी विचारायला हवा होता. राहून गेला.

सह्याद्रीपुत्र
चरकाचं मला माहीत नव्हतं. वाचतो. सगळं बंद करण्याचं मागे घेतो. तरी त्रिफळ्याबद्दल माझा अनुभव चांगला आहे, तो मागे घेत नाही.

अथणीची लेक
माझं माहेर अथणी, सासर रामदुर्गाकडचं, घरात कन्नड. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या 'होट्टे उब्बर', मला वाटलं कुणी पाहुणे यायचेत! मग कळलं, पोट फुगलंय. हळूहळू सगळं शिकले : ओवा म्हणजे ओंकाळू, हिंग म्हणजे इंगू, ताक म्हणजे मज्जिगे.

हे नुसतं गमतीचं नाही. माझ्या आईला एका दवाखान्यातून चूर्ण दिलं, पुडीवर कन्नडमध्ये लिहिलेलं 'ऊटक्के मुंचे'. आईला कन्नड वाचता येत नाही, तिथल्या मुलाने घाईत काहीतरी सांगितलं, आणि ती महिनाभर जेवणानंतर घेत राहिली. 'ऊटक्के मुंचे' म्हणजे जेवणाआधी. 'ऊटद नंतर' म्हणजे जेवणानंतर. हे दोन शब्द आपल्या भागातल्या प्रत्येक मराठी घरात पाठ पाहिजेत. दारावर लिहून ठेवा.

आणि सासूबाईंचा उपाय सांगते, दोड्डपत्रेची तंबुळी. दोड्डपत्रे म्हणजे आपला पानओवा, जाड लव असलेल्या पानांचा. आठ-दहा पानं चमचाभर तुपात परतायची, हिरवा रंग काळपट झाला की पुरे. त्याच तुपात जिरे आणि चार मिरे. हे सगळं मूठभर ओल्या खोबऱ्याबरोबर बारीक वाटायचं आणि पातळ ताकात मिसळायचं. वरून हिंगाची फोडणी. उकळायचं नाही, उकळलं की ताक फाटतं. उन्हाळ्यात भाताबरोबर, आणि उरलेली वाटी तोंडाला लावून.

गणपत गल्ली
तंबुळीचं वाचून तोंडाला पाणी सुटलं. मीठ बेताचं ठेवलं तर बीपीवाल्यांनाही चालेल.

घटप्रभा
हिंगाचा विषय निघालाच आहे तर थोडं विषयांतर. आपण बाजारातून जो हिंग आणतो तो बहुतेक वेळा बांधणी हिंग असतो. खरा हिंग थोडा, बाकी डिंक आणि मैदा किंवा तांदळाचं पीठ. माझ्या भाचीला गव्हाची सीलिअॅक नावाची तक्रार आहे. वर्षभर तिची पोळी बंद, तरी पोट फुगायचं. शेवटी हिंगाच्या डबीवर 'गव्हाचं पीठ' लिहिलेलं सापडलं. रोज फोडणीत, रोज ताकात. डबी बदलली, पोट उतरलं. जो हिंग पोटासाठी घालत होतो तोच तिला बाधत होता.

खडा हिंग मिळाला तर पाण्यात घासून बघा, पाणी दुधासारखं पांढरं झालं पाहिजे. आपला जवळपास सगळा हिंग अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून येतो. भारतात त्याची लागवड ऑक्टोबर २०२० मध्ये पहिल्यांदा झाली, हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात, क्वारिंग गावी. झाड तयार व्हायला पाच वर्षांच्या आसपास लागतात.

बाळाची_आई_हिंडलगा
मध्येच विचारते, माफ करा. माझं बाळ चार महिन्यांचं, संध्याकाळी पोट कडक होतं, रडतं. सासूबाई घुटीत मध घालून देऊ म्हणतात. द्यावा का?

शहापूरची वैद्य
मध एक वर्षाच्या आत अजिबात नाही, थेंबभरही नाही. मधातल्या काही जिवाणूंच्या बीजांमुळे एवढ्या लहान बाळाला अर्धांगासारखा गंभीर आजार होऊ शकतो. पोटात दूध सोडून काहीच नको. पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढा, पाय सायकलसारखे हलवा, पोटावर कोमट तेलाचा हात घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा. सासूबाईंना हिंगाचा लेप लावायचा असेल तर अगदी पातळ, बेंबीच्या भोवती, आत नाही, आणि कातडी लाल झाली तर पुसून टाका. बाळ पीत नसेल, हिरवी उलटी झाली किंवा ताप असेल तर लगेच बालरोगतज्ज्ञ.

बाळाची_आई_हिंडलगा
सासूबाईंना वाचून दाखवलं. मधाची बाटली त्यांनी स्वतःच वरच्या फळीवर ठेवली. खूप आभार.

तिसरं रेल्वे गेट
मलप्रभाताई कुठं गेल्या? आईचं काय झालं, वाट बघूलालोय सगळे.

मलप्रभाकाठ
आले, आले. धावपळीत दोन आठवडे गेले.

पट्टी चांगली आली. सोनोग्राफी बेळगावात केली, पित्ताशयात खडा नाही, अंडाशयं ठीक. रिपोर्ट हातात येईपर्यंतची ती रात्र मी विसरणार नाही. वैद्यताई, तुम्ही लिहिलं नसतं तर हे केलंच नसतं.

आणि काउंटरवाले दादा, तुम्हाला काय सांगू. आईची फाइल काढली. दिवाळीनंतरच्या तपासणीत साखर वाढली होती म्हणून मेटफॉर्मिन दुप्पट केलेली. चिठ्ठीवर तारीख आहे. आई म्हणाली, 'अगं, गोळी तीच की, फक्त दोन वेळा झाली.' म्हणून तिने मला सांगितलंच नाही आणि मी 'गोळ्या नेहमीच्या' असं तुम्हाला लिहिलं. वर ती गोळी उपाशीपोटी घेत होती, जेवणाचीच भीती बसल्यामुळे.

डॉक्टरांनी हळू विरघळणारी गोळी दिली, जेवणाबरोबर घ्यायला सांगितली. आज बारावा दिवस. पोट पूर्ण बसलंय असं नाही, कधी दुपारी जड वाटतं. पण काल तिने दीड भाकरी खाल्ली, वांग्याच्या भाजीबरोबर, आणि नंतर अंगणात बसून शेंगा फोडत होती. साडी नीट नेसलेली. मी स्वयंपाकघरातून बघत राहिले.

चूर्ण डॉक्टरांना आणि इथल्या आयुर्वेदाच्या बाईंना विचारूनच सुरू केलं : हिंग्वाष्टक, दुपारच्या पहिल्या घासात, तुपाबरोबर, फक्त दोन आठवडे. दुपारी पातळ ताक, भाजलेलं जिरं घालून, मिठाशिवाय. पाहुण्यांच्या पावडरीत सनायच निघाली. ती फेकली.

काउंटरच्या पलीकडून
ताई, जीव भांड्यात पडला. साखर महिन्याने परत तपासा. आणि मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-ट्वेल्व्हही एकदा बघून घ्या, ते कमी होतं.

निपाणीवाला
पट्टी चांगली आली हे वाचून बरं वाटलं. काकूला सांगतो.

अनगोळ नाका
माझाही निकाल : पहिल्या घासात घेतल्यापासून चार दिवस संध्याकाळचा जडपणा नाही. मात्र काल कुंदा जास्त झाला, त्याला हिंग्वाष्टक पुरं पडलं नाही.

मलप्रभाकाठ
अथणीच्या ताई, आईला तंबुळी करून घालायचीय. खानापूरच्या बाजारात पानओव्याची पानं मिळत नाहीत. बी पेरून येतो का?

अथणीची लेक
बी नको, फांदी लागते. वीतभर फांदी तोडून खालची पानं काढा आणि कुंडीत खोचा. पाणी थोडंच घाला, जास्त झालं की देठ कुजतो. मी रविवारी बेळगावला येतेय, दोन फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणते. स्टँडवर सकाळी अकराला भेटा.